दहाचं पाणी

“हे कुलूप कुणाच्या भीतीने लावलंय रे?” निंबाने विचारलं.

तो पाटाच्या तोंडाशी, दरवाजाच्या लोखंडी चाकाला टेकून उभा होता. खांद्यावर फावडं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, आणि वाद उकरून काढताना चेहऱ्यावर यायचं ते हसू. मी रजिस्टरात पाण्याची पातळी लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, “तुझ्या.”

“माझ्याच शेतात जाणारं पाणी आणि माझ्याच भीतीने कुलूप.”

“तुझ्यासारखे बावन्न जण आहेत. प्रत्येकाने येऊन चाक फिरवलं तर?”

“तीनशे वर्षं इथे चाकच नव्हतं. तेव्हा कुणी काय बिघडवलं?”

निंबा देवरे शाळेत माझ्या दोन इयत्ता पुढे होता, आणि नंतर माझ्या थोरल्या बहिणीचा, यमुनाअक्काचा, नवरा झाला. नात्याने दाजी. पण दाजी म्हटलेलं त्याला खपायचं नाही. आधी मान द्यायचा, मग हळूहळू हुकूमही ऐकायचा, हे असंच सुरू होतं असं तो म्हणे. म्हणून मी मुद्दाम दाजी म्हणायचो. पुण्यात दोन वर्षं शिकून तो गावात मास्तर होऊन परतला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती आणि डोक्यात एकच गोष्ट होती: माणसांवर राज्य करायला कुणी लागत नाही. सरकार नको, पुढारी नको, साहेब तर नकोच. मी मात्र ओव्हरसियर होऊन पाटबंधारे खात्यात चिकटलो, आणि माझी नेमणूक नेमकी आमच्याच गावाच्या बंधाऱ्यावर झाली. धामणदर, साक्रीकडचं गाव. साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.

आम्ही बोलायचो ते अहिराणीत. कागदावर उतरताना माझ्या हातून तिची पुस्तकी मराठी होते. चौतीस वर्षं सरकारी मसुदे लिहिल्यावर दुसरं काय होणार. फक्त झिपरूबाबाचं बोलणं मला बदलता येत नाही.

झिपरूबाबा आमच्या गावचा पाटकरी. आमच्याकडे पाण्याची पद्धत फडाची. गावाची जमीन चार फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि कुणीही आपल्या शेताला आपल्या हाताने पाणी लावायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. हंगामाआधी पाट साफ करायचा तर घरटी एक माणूस, ज्याच्या वाट्याला जो तुकडा येईल तो त्याचा. आणि पाणी सोडायच्या दिवशी पाटकरी पार शेवटच्या शेतापासून पाटाच्या काठाने चालत वर यायचा, वाकून वाकून बघत, हाका मारत, आणि तोंडाशी येऊन सांगायचा, “पाट मोकळा शे.” त्याने तसं म्हटल्याशिवाय पाणी सुटत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि मोडल्याचं कुणाला आठवतही नव्हतं. निंबाला या पद्धतीचं फार वेड. पुण्यात त्याने जे वाचलं ते त्याला घरी आल्यावर आपल्या पायाखालीच सापडलं होतं.

वर धरण झालं, खात्याने आमचा जुना पाट ताब्यात घेतला, तोंड सिमेंटचं केलं आणि तिथे दरवाजा बसवला. त्याची किल्ली माझ्या कमरेला होती.

“तुझी तीनशे वर्षं बावन्न घरांची होती,” मी म्हणालो. “आता खाली सात गावं आहेत. तुम्ही आपसात गोड बोलून सगळं पाणी वाटून घेतलंत तर त्यांनी काय करायचं? कुणाला तरी सगळ्यांच्या वर बसून बघावं लागतं.”

“वर बसलेल्याला खालचं दिसतं?”

“त्याच्याकडे नकाशा असतो.”

“नकाशात गाळ दिसतो का रे?”

पाटात काम करणारे दोघेतिघे हसले. साफसफाईचा तो शेवटचा दिवस होता आणि दुपार कलायला लागली होती. अक्का निंबासाठी भाकरी घेऊन आली होती, तीही काठावर बसली. चार वर्षांची वेणू तिच्या मांडीवर. मला आता हरायचं नव्हतं.

“बरं, मग हे सांग, दाजी. तुझ्या आईच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. वेणूच्या तोंडावर नाहीत. का? बावन्न घरांनी बसून ठरवलं म्हणून? जीप आली, माणसं उतरली, रडणाऱ्या पोरांचे दंड धरून त्यांनी लस टोचली. लोक दारं लावून बसले होते. दारं उघडायला लावणारा हुकूम होता, म्हणून देवी गेली.”

निंबाने वेणूकडे पाहिलं. मग म्हणाला, “हे तुझं खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.”

त्याच्याशी वाद घालण्यात हीच अडचण होती. दुसरा कुणी असता तर आरडाओरडा करून निसटला असता. हा सरळ कबूल करायचा, आणि मग जिंकल्याचा आनंदही धड मिळायचा नाही. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण मी म्हणालो, “बघ, म्हणूनच उद्या पाणीही वेळेवर सुटणार. बरोबर दहा वाजता.”

“दहा कुणी ठरवले?”

“वरून आदेश आलाय.”

“झिपरूबाबा पोचला नाही तर?”

“झिपरूबाबाचं नाव माझ्या रजिस्टरात नाही.”

“समजा,” निंबा म्हणाला, आणि आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, “समजा दहा वाजता तुझ्या डोळ्यांना दिसलं की आत्ता पाणी सोडू नये. मग काय करशील?”

“वर कळवीन.”

“आणि वरून उत्तर येईपर्यंत?”

मी रजिस्टराचं पान उलटलं.

“मला चोरांची भीती वाटत नाही, लोटन. चोराला चार लोक मिळून समजावतील. मला तुझी भीती वाटते. तू चांगला माणूस आहेस. पण दिवसेंदिवस जेवढा हुकूम तेवढाच उरत चाललायस.”

“तो लहानपणापासून तसाच आहे,” अक्का म्हणाली. “आईने पाणी पी म्हटलं की तहान नसली तरी तांब्या संपवायचा.”

सगळे हसले. वेणूही हसली, तिला काय कळलं कोण जाणे. निंबा बोलला त्याचं मला एवढं लागलं नाही, अक्का हसली त्याचं लागलं. आई गेल्यावर अक्कानेच मला वाढवलं होतं. मी रजिस्टर मिटलं आणि सायकल काढली.

निंबा मागून म्हणाला, “अरे, भाकरी तरी खाऊन जा. भांडण पोटाशी नाही आपलं.” मी वळलो नाही. निघताना त्याच्या फावड्याकडे माझं लक्ष गेलं होतं. फावडं कोरडं होतं. त्याच्या वाट्याला त्या वर्षी नाल्याखालच्या मोरीतला गाळ आला होता, आणि सगळी दुपार त्याने माझ्याशी वाद घालण्यात घालवली होती.

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊलाच दरवाजावर हजर होतो. खात्याचं घड्याळ सोबत होतं, आदेशाचा कागद रजिस्टरात होता. थंडीचे दिवस, ऊन कोवळं होतं. पाट स्वच्छ दिसत होता. कडेचं गवत कापलेलं, तळाची माती ओढून काठावर टाकलेली. गावाने काम चोख केलं होतं. दहा वाजले, झिपरूबाबा आला नव्हता. दहा वाजून बारा मिनिटांनी मी कुलूप काढलं आणि चाक फिरवायला लागलो. दरवाजा पूर्ण उचलायला चाकाचे साठ फेरे लागतात. पाणी आत शिरलं, आधी मातकट, मग निवळ. मी वेळ लिहिली, सही केली.

पावणेअकराच्या सुमाराला नाल्याकडून ओरडा ऐकू आला.

मोरी म्हणजे नाल्याच्या खालून जाणारा दगडी बोगदा, साठेक हात लांब. आधी वाकून जावं लागतं, मधे तर रांगतच. मी पोचलो तेव्हा लोकांनी वरच्या अंगाला पाट फोडून पाणी नाल्यात वळवलं होतं. निंबाला बाहेर काढून काठावर ठेवलं होतं. त्याचा चष्मा कानाला तसाच अडकलेला होता. शाळा अकराची, त्याआधी राहिलेलं काम उरकावं म्हणून तो सकाळीच एकटा आत शिरला होता. त्याला कुणी जा म्हटलं नव्हतं. तो आत गेल्याचं कुणी मोजलंही नव्हतं. मोजणारं कुणी नसावं, हेच तर तो म्हणत आला होता.

अक्काला माहीत होतं. तिने त्याला चहा करून दिला होता आणि मोरीत जातो म्हणून सांगून तो गेला होता. ती मला तिथेच म्हणाली, एखाद्या साध्या गोष्टीची चौकशी करावी तसं, “झिपरूबाबा आल्याशिवाय पाणी सुटत नाही ना रे? मी त्याच भरवशावर होते.”

मी म्हणालो, “दहाची वेळ होती, अक्का.”

माझ्या तोंडून हेच निघालं. इतक्या वर्षांत मी पुष्कळ वाईट वाक्यं ऐकली, पण त्याहून वाईट कुणाचं ऐकलं नाही.

आठवड्याने चौकशीला साहेब आले. जीप पाटाच्या तोंडाशी थांबली, खुर्ची मांडली गेली. आदेशाचा कागद बघितला, घड्याळ बघितलं, रजिस्टर बघितलं. सगळं जिथल्या तिथे होतं. बारा मिनिटांचा उशीर झाला होता, त्याबद्दल ताकीद मिळाली. झिपरूबाबाला विचारलं की तू वेळेवर का आला नाहीस. म्हातारा हात जोडून म्हणाला, “मनाच उशीर झाया, साहेब.”

“पाणी सोडताना ओव्हरसियरने तुला पाहिलं होतं?”

झिपरूबाबा माझ्याकडे बघत राहिला. मी खाली बघत होतो.

“नही,” तो म्हणाला.

साहेबांनी लिहून घेतलं. कर्मचाऱ्याने आदेशाप्रमाणे काम केलं, ग्रामस्थाचा मृत्यू अपघाती. कागदाची एक प्रत मला मिळाली. मी निर्दोष होतो. त्या रात्रीपासून माझी झोप गेली ती आजतागायत धड आलेली नाही.

तेरावं झाल्यावर फडाची बैठक बसली. ती बंधाऱ्याच्या वरच्या सपाटीवर सकाळी बसते. ज्या घराला पाटाचं पाणी मिळतं त्या घराचा एक आवाज, पुरुष असो की बाई. विचारायला सुरुवात शेवटच्या शेतापासून होते, कारण तिथे पाणी सगळ्यांत उशिरा पोचतं. एकेका घराला विचारत विचारत वर यायचं. सगळे हो म्हणाले तर विषय संपला. एक जरी नाही म्हणाला तरी विषय राहिला, आणि राहिलेला विषय पुढच्या वर्षीच्या बैठकीत सगळ्यांत आधी घ्यायचा. मतं मोजत नाहीत. माझ्या वडिलांचं शेत अगदी तोंडाजवळ, म्हणजे आमच्या घराला सगळ्यांत शेवटी विचारतात. त्याच्या आधी निंबाचं घर.

मी उभा राहिलो. “मला सांगायचंय,” म्हणालो.

आणि जे साहेबांना सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दहा वाजता झिपरूबाबा आला नव्हता हे खरं होतं. मी बारा मिनिटं थांबलो, तेही त्याच्याचसाठी, कारण मीही याच गावचा, माझ्याही हाडात ते होतं. मग तो मला दिसला. दूर, मोरीच्याही खालच्या अंगाला, वळणावर, पाटाच्या काठाने येताना. म्हाताऱ्याला पळता येत नव्हतं, पण तो पळायचा प्रयत्न करत होता. त्याने एक हात वर केला होता. तो हात थांब म्हणत होता, हे मला तेव्हा कळलं. नंतर कळलं असं नाही, तेव्हाच कळलं.

“मग?” कुणीतरी विचारलं.

“मग मी कुलूप काढलं. झिपरूबाबासाठी थांबलो असतो तर संध्याकाळी निंबा हसला असता. अक्का हसली असती. तेवढ्यासाठी. चाकाचे साठ फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला मला थांबता येत होतं.”

मी झिपरूबाबाकडे वळलो. “बाबा, तुम्ही साहेबांना नाही का म्हणालात? तुम्हाला माहीत होतं.”

“माले माहीत व्हतं,” तो म्हणाला. “तू माले देखं, हाई मी देखं व्हतं.”

“मग का वाचवलंत?”

म्हातारा पटका काढून तोंड पुसत राहिला. “निंबा मास्तर सांगे, आपला झगडा सरकारकडे लई जाना नही. आपला पोऱ्या सरकारले द्याना नही. मी त्यानं ऐकं.”

मला त्या वेळी कुणी मारलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. निंबाच्याच शब्दाने मला सोडवलं होतं. सरकारने शिक्षा केली नाही कारण माझ्याकडे हुकूम होता, आणि गावाने सरकारच्या हाती दिलं नाही कारण मी गावाचा होतो. मी बैठकीपुढे हात जोडले आणि म्हणालो, “मला काहीतरी ठरवून द्या. गाव सोड म्हणा. शेत देऊन टाक म्हणा. काहीही म्हणा.”

शेवटच्या शेताकडून सुरुवात झाली. पहिला म्हणाला, “मास्तरने याला हाकललं नसतं. मी माफ म्हणतो.” दुसरा म्हणाला माफ. काहींनी बराच वेळ घेतला. एकाने शिव्या घातल्या, शेवटी तोही माफ म्हणाला. झिपरूबाबाने माफ म्हटलं. पन्नास घरं झाली. मग अक्काची पाळी आली.

पांढऱ्या कपाळाने ती बसली होती. माझ्याकडे बघत नव्हती, पाटाकडेही नव्हती.

“माझ्या घराचं मत ते द्यायचे,” ती म्हणाली. “ते काय म्हणाले असते मला ठाऊक आहे. त्यांनी तुला कालच माफ केलं असतं, आणि वर भाकरी खायला बोलावलं असतं. पण मला विचारताय ना? मला जमत नाही.”

“मग शिक्षा सांग, अक्का,” मी म्हणालो.

“तीही सांगता येत नाही. तुला मी अंगाखांद्यावर वाढवलंय.” आता तिने माझ्याकडे पाहिलं. “मी हसले नसते तर तू थांबला असतास, असंच म्हणालास ना आत्ता? मग मी काय सांगू?”

मी काय बोलून बसलो होतो ते मला तेव्हा समजलं. बोललेलं परत घेता येत नव्हतं. झिपरूबाबाने विषय राहिला म्हणून सांगितलं आणि लोक उठले.

मी नोकरी सोडली नाही. बदली मागून घेतली, जळगाव, नंदुरबार, कुठे कुठे राहिलो. पण दर वर्षी फडाच्या बैठकीला धामणदरला यायचो. अक्काचं आणि माझं बोलणं चालू होतं. तिच्या घरी मी जेवायचो, ती वाढायची, वेणूच्या लग्नात मामा म्हणून मीच उभा राहिलो. आणि दर वर्षी बैठकीत पहिला विषय माझा असायचा, शेवटच्या शेतापासून विचारत विचारत तो अक्कापर्यंत यायचा, आणि ती म्हणायची, “अजून नाही.” रागाने म्हणत नसे. स्वतःच्या मनात बघून यायची आणि काय दिसलं ते सांगायची. हुकूम असता तर एका दिवसात निकाल लागला असता, असं मला पहिली काही वर्षं वाटायचं. पुढे तसंही वाटेनासं झालं. झिपरूबाबा गेला, त्याचा नातू पाटकरी झाला. सव्वीस बैठका झाल्या.

यंदा भाद्रपदात अक्का गेली. आठ दिवस तापात होती. मी उशाशी होतो. एकदाही त्या विषयाचं ती बोलली नाही आणि मलाही विचारवलं नाही. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, “लोटन, दमलास तू. जरा पड.”

बैठकीला तिच्या जागी वेणू आली होती. तीस वर्षांची, बापासारखीच चष्म्यातून बघणारी. पाटकऱ्याने पहिला विषय सांगितला. अर्ध्याहून जास्त घरांत आता पुढची पिढी बोलते. कित्येकांनी निंबाला पाहिलेलंही नाही. ती मुलं एकापाठोपाठ एक माफ म्हणत गेली, थोडी अवघडून, म्हाताऱ्या माणसाचा विषय आता मिटावा म्हणून.

पाटकरी वेणूपाशी आला.

“आईने मला काही सांगून ठेवलेलं नाही,” वेणू म्हणाली. “वडील मला नीट आठवत नाहीत, मामा आठवतो. माझ्याकडून माफ आहे.” आणि ती रडायला लागली.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. लोक उठायच्या बेतात होते, पण पाटकरी बाजूला झाला नाही. नियमाप्रमाणे अजून एक घर राहिलं होतं. इतक्या वर्षांत माझ्यापर्यंत कधी विचारणं आलंच नव्हतं, त्यामुळे माझ्याही लक्षात नव्हतं.

“तुमचं घर, आबा,” तो म्हणाला. “तुम्ही काय म्हणता?”

हो म्हणायचं होतं, बस्स. सव्वीस वर्षं मी त्या एका शब्दासाठी येत होतो. मी स्वतःच्या मनात बघून आलो. तिथे काठावरून एक म्हातारा हात वर करून धावत येत होता, आणि माझे हात चाकावर होते.

“अजून नाही,” मी म्हणालो.

पाटकऱ्याने विषय राहिला म्हणून सांगितलं, आणि यंदा ऊस कोणत्या फडात लावायचा यावर लोक बोलू लागले.